डाव्या हातानं भरवलं तर चालेल का?

ताई,

मी जुळे सोलापूरला राहते, वय 27. एप्रिलमध्ये मुलगी झाली. नवव्या दिवशी डोकं असं दुखायला लागलं की भिंतीवर आपटावंसं वाटलं. घरचे म्हणाले, वारं लागलं असेल, कान बांधून झोप. दोन दिवसांनी उलट्या झाल्या, मग फिट आली आणि उजवी बाजू गेली. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. बाराव्या दिवशी घरी पोरीचं नाव ठेवलं, तेव्हा मी आयसीयूत होते. आता पाच महिने झाले. चालते, पण पाय ओढत. उजव्या हातानं वस्तू धरता येते, पण सोडायची म्हटलं की बोटं उघडत नाहीत. बोलताना साधे साधे शब्द सापडत नाहीत. दूध आटलं, पोरगी वरच्या दुधावर आहे.

तिचं सगळं सासूबाई करतात. मला उचलू देत नाहीत, "पाडशील" म्हणतात. रडली की ती त्यांच्याकडंच झेपावते. स्वतःच्या घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं. मिस्टर पुण्याला असतात, शनिवारी रात्री येतात. आधी मी घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करायची, ते बंद आहे. गौरीच्या हळदीकुंकवाला डाव्या हातानं कुंकू लावायला गेले तर एक बाई मागं सरकल्या. सासूबाईंच्या बहिणीनं पोरीचा पायगुण काढला. शेजारी सांगतात, पारव्याचं रक्त चोळा. आणि सासूबाईंनी नवस बोललाय की सून बरी झाली की कोजागरीला तिला घेऊन तुळजापूरला चालत येईन.

हात आधीसारखा होईल का? रात्री रडू येतं, ते बाळंतपणाचं की झटक्याचं? पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. डाव्या हातानं भरवलं तर चालेल का?

– स., जुळे सोलापूर

प्रिय स.,

चालेल. शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण उष्टावणाचा दिवस जवळ आलाय आणि घरात त्यावरून बोलणं सुरू झालेलं असणार. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं अन्न सुरू करायचं, एवढंच त्या दिवसाचं वैद्यकीय काम. बाकी सगळी हौस. मामाच्या मांडीवर बसवू देत, चांदीची वाटी काढू देत, फोटो काढू देत. फक्त चमचा तुझ्या हातात हवा. उजव्या हातानं धरता येतं म्हणतेस, मग वाटी उजव्यात आणि चमचा डाव्यात. दोन्ही हात कामाला लागतील आणि बोलणाऱ्यांना बोलायला जागाही फारशी उरणार नाही. खीर कोमट आहे का ते मात्र डाव्या हातानं बघ. झटका आलेल्या, म्हणजे पक्षाघात झालेल्या बाजूला बऱ्याचदा गरम-थंड नीट कळत नाही, चटका बसला तरी उशिरा समजतं. आणि खिरीत मध कुणी घालू देऊ नकोस, वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नसतो.

हळदीकुंकवाचं म्हणशील तर त्या बाई मागं सरकल्या, तो त्यांचा प्रश्न. "करंडा पुढं कर, त्यांना लावून घेऊ दे" असं तुला कुणीतरी सुचवेल. मला ते पटत नाही. डाव्या हातानं लाव आणि पुढच्या बाईकडं वळ. दोन सण गेले की लोकांना सवय होते.

आता पायगुण. पाच महिन्यांच्या पोरीनं अजून जमिनीला पाय टेकवलेला नाही, तिचा कसला पायगुण! झालं काय ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी गप्प बसावं लागणार नाही. गरोदरपणात बाईचं रक्त गोठण्याकडं जास्त झुकतं. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊ नये म्हणून शरीरानं केलेली ती सोय असते. बाळंतपणानंतरही ती लगेच जात नाही. पहिले सहा आठवडे गाठ होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि थोडा धोका बाराव्या आठवड्यापर्यंत राहतो. त्यात अंगात पाणी कमी पडलं, रक्त कमी असलं, कुठं जंतुसंसर्ग झाला किंवा रक्तात मुळातच गोठण्याचा दोष असला, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ होऊ शकते. तुला झालं ते हे.

आपल्याकडं बाळंतिणीला पाणी मोजून देतात. पोट सुटेल, अंगावर सूज येईल, अशी कारणं सांगतात. खोली बंद, डोक्याला फडकं, शेक-शेगडी, आणि बाहेर एप्रिलचं सोलापूर, पारा चाळिशीच्या वर. मी सासूबाईंना दोष देत नाहीये. त्यांनाही त्यांच्या बाळंतपणात घोट-घोटच पाणी मिळालं असणार. एकट्या पाण्यानं हे झालं, असंही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तुमच्या घरात पुढची बाळंतीण येईल तेव्हा तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असू दे. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: बाळंतिणीचं डोकं दिवसभर दुखून थांबत नसेल, सोबत उलटी होत असेल, अंधुक दिसत असेल, तर कान बांधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोठण्याच्या दोषाच्या तपासण्या झाल्या आहेत का, ते फाईलमध्ये बघ. बी-12 आणि हिमोग्लोबिन किती आहे तेही बघ. झाल्या नसतील तर पुढच्या भेटीत विचार. काही तपासण्या रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना बरोबर येत नाहीत, म्हणून कुठली कधी करायची ते डॉक्टरच ठरवतील.

हाताबद्दल तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगते. शिरेतल्या गाठीमुळं आलेला झटका धमनी बंद पडून आलेल्या झटक्यापेक्षा बहुधा जास्त भरून निघतो. 2004 मध्ये 624 रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाचपैकी जवळजवळ चार जण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. त्या चारांत तू असशीलच, असं मी लिहून देऊ शकत नाही. पण क्रम बहुतेकांचा तुझ्यासारखाच असतो. आधी पाय, मग खांदा आणि कोपर, सगळ्यात शेवटी बोटं. बोटांत पकड आधी येते आणि सोडणं मागाहून येतं. तू आत्ता त्या वाटेवर मध्ये कुठंतरी आहेस. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगानं होते. पुढं वेग कमी होतो, पण दार बंद होत नाही. "सहा महिन्यांत जे यायचं ते आलं, आता काही नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. वर्षानंतरही काम देत राहिलेला हात सुधारतो.

उलटंही खरं आहे. हाताला काम दिलं नाही तर मेंदू त्याला वगळून चालायला शिकतो. डाव्यानं पटकन होतं म्हणून सगळं डाव्यानं करत गेलीस तर उजव्यात जेवढी ताकद आलीय तीही वापरात राहत नाही. म्हणून फिजिओथेरपी आठवड्यातून दोन वेळा आणि बाकीचे दिवस हात मांडीवर, हे चालायचं नाही. तुला वेगळी साधनंही नकोत. घरात भुईमुगाच्या शेंगा असतातच. वाटीभर शेंगा घे आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी वापरून सोल. दाणा वाटीत टाकणं म्हणजे बोटं सोडण्याचाच सराव. ताटात ज्वारी घेऊन निवड. भाकरीचं पीठ दोन्ही हातांनी मळ. ज्वारीचं पीठ तळव्यानं रगडावं लागतं, त्यात खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा हात चालतो. थापायलाही हरकत नाही, पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील, होऊ देत. तव्याजवळ मात्र जाऊ नकोस. तुला फिट येऊन गेलीय आणि हाताला चटका उशिरा कळू शकतो. या दोन कारणांसाठी शेगडी सध्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असू दे.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेव. तुला उठवताना उजवा हात धरून कुणी ओढायचं नाही आणि काखेत हात घालून उचलायचं नाही. कमजोर स्नायूंच्या खांद्याचा सांधा ओढला की निखळू शकतो. मग ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं आणि तोवर हाताचा व्यायामही बंद पडतो. आधार द्यायचा तो कमरेला.

पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते "पाहुणी". पाहुणीला काम सांगत नाहीत. तुझ्या घरात तेच झालंय, प्रेमानंच झालंय, आणि म्हणून त्याविरुद्ध बोलणं अवघड जातंय. सासूबाईंनी सुनेला मरणाच्या दारातून परत आलेलं पाहिलंय आणि दहा-बारा दिवसांची नात एकटीनं सांभाळलीय. त्यांची भीती खरी आहे. तुझा पाय ओढतो, हात सुटत नाही, फिट आलेली आहे. "पाडशील" हे त्या उगाच म्हणत नाहीत. उभं राहून किंवा चालताना बाळ घेणं तुला आत्ता धोक्याचंच आहे. तेवढं मान्य कर. तेवढं मान्य केलंस की बाकीचं मागायला तुझं तोंड उघडं राहतं.

मदतीचे दोन ढीग कर. एका ढिगात ती मदत, जी न घेतल्यानं तुझं किंवा पोरीचं नुकसान होईल. ती निःसंकोच घे. यात सगळ्यात वर रात्रीची झोप. जागरण झालं की फिट यायला निमित्त मिळतं. त्यामुळं रात्रीची बाटली सासूबाईंची आणि तू वेगळ्या खोलीत सलग झोपायचं. यात आईपण कमी होत नाही, हा तुझ्या उपचाराचाच भाग आहे. बाळाला उचलून इकडून तिकडं नेणं, जिना, उकळतं पाणी, हेही त्याच ढिगात.

दुसऱ्या ढिगात ती मदत, जी तुला नको असतानाही मिळतेय. ती परत द्यायची, पण एकदम नाही. एक काम माग आणि ते रोजचं आणि फक्त तुझं करून घे. माझ्या मते दुपारच्या दुधापासून सुरुवात कर. जमिनीवर गादी, पाठ भिंतीला, उजव्या कोपराखाली उशी आणि मांडीवर आणखी एक. सासूबाईंनी बाळ आणून उशीवर द्यायचं. त्याचं डोकं तुझ्या उजव्या दंडावर टेकेल आणि वजन उशी घेईल. बाटली डाव्या हातात. जमिनीवर असल्यानं पडायला उंचीच नाही. सुरुवातीचे दिवस त्या समोर बसून राहतील, राहू दे. हळूहळू त्या उठून स्वयंपाकघरात जायला लागतील.

मग आंघोळ. आपल्याकडं बाळाला पाय पसरून पायावर घेऊन न्हाऊ घालतात. पाय सासूबाईंचे असू देत, तेल लावणं तुझं. उजवा हात बाळाच्या पोटावर ठेवायचा, डावा त्याच्यावर ठेवायचा आणि दोन्ही मिळून फिरवायचे. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेला सरळ हाताचा व्यायाम तू कंटाळत करत असशील. हाच हात पोरीच्या पोटावरून फिरताना किती वेळ चालतो ते बघ. आंघोळीला तू एकटी बाळाजवळ, असं मात्र डॉक्टर "हो" म्हणेपर्यंत कधीच नको.

आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, ते तुला सांगायला नको. पाणी सुटलं की अख्खं घर टाक्या, पिंपं, कळशा यांच्या मागं. तू भरू शकत नाहीस म्हणून त्या दिवशी आणखी नकोशी वाटत असशील. उलट कर. पाण्याच्या दिवशी बाळ माझ्याकडं, असं आधीच सांगून ठेव. खाली गादी, भोवती उश्या, हाकेच्या अंतरावर माणसं, आणि सासूबाईंचे हात खरोखर अडकलेले. त्या वेळी त्यांनाही तुझी गरज असेल, आणि गरज असलेल्या माणसाला कुणी पाहुणी म्हणत नाही.

ती त्यांच्याकडं झेपावते, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. पाच-सहा महिन्यांचं पोर जो रोज दूध देतो, झोपवतो, त्याच्याकडं जातं. दुपारचं दूध तुझं झालं की काही आठवड्यांत दुपारी तुझ्याकडं बघायला लागेल. आजीकडंही जात राहील. जाऊ दे, पोरीला दोन माणसं मिळाली. दुधाचं म्हणशील तर आयसीयूत असताना आटलेल्या दुधाचा हिशोब आता मांडू नकोस. त्या दिवसांत तुझ्या शरीराला दुसरं मोठं काम होतं.

बोलण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. अंगाई म्हण. ज्यांना बोलताना शब्द सापडत नाहीत, त्यांतल्या पुष्कळांना पाठ असलेलं गाणं म्हणता येतं. चाल आणि पाठांतर मेंदू वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो. तुझ्या आईनं म्हटलेली असेल ती म्हण. मग बाळाशी बोल, मोठ्यानं. पोरगी तुझे शब्द तपासायला बसलेली नाही. "टॉवेल" आठवला नाही तर "ते पुसायचं" म्हण. सोलापुरात एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही येतात, ज्या भाषेतला शब्द आधी येईल तो घे. घरच्यांना सांग, तू अडकलीस की लगेच शब्द पुरवायचा नाही, मनात दहा आकडे मोजायचे. वाचा उपचारतज्ज्ञांकडं अजून गेली नसशील तर जा. खासगी खर्च झेपत नसेल तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, फिजिओथेरपी आणि बोलण्याच्या उपचारांची चौकशी कर.

औषधांचं थोडक्यात, पण हे फ्रिजवर चिकटवण्यासारखं आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज एकाच वेळेला. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी सांगितलेल्या दिवशी व्हायलाच हवी. आकडा बहुधा 2 ते 3 च्या मध्ये ठेवतात. दुधाचा हिशोब लिहिता त्याच कॅलेंडरवर प्रत्येक तपासणीचा आकडा लिही. मेथी, शेपू, पालक बंद करायची गरज नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं नको. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण सारखं ठेवायचं. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनानं आणायची नाही. काढे, चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाहीत. पाळीत फार रक्त जायला लागलं, शौचाला काळी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तर थांबू नका. नव्यानं डोकं फुटल्यासारखं दुखलं, फिट आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अचानक गेलं तर 108. फिटची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. स्कूटी डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत नाही.

पारव्याच्या रक्तावर मी फार शब्द घालवणार नाही. बिघाड मेंदूत झालाय. हातावर कशाचंही रक्त चोळून तिथं काही पोचत नाही, आणि मारलेल्या पक्ष्याच्या रक्तातून रोगजंतू मात्र येऊ शकतात. जोरात मालिश करणाऱ्या बायकांनाही सध्या लांब ठेव, रक्त पातळ असताना आतल्या आत काळं-निळं होतं.

नवसाचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात, सासूबाईंनी त्यातली एक व्हायचं ठरवलं ते तुझ्यासाठी. पण 45 किलोमीटरच्या आसपास रात्रभर चालणं, जागरण, वेळेवर न मिळणारं पाणी, यातलं प्रत्येक तुला धोक्याचं आहे. त्यांना सांग, नवस तुम्ही बोलला, तुम्ही चालत जा, मी एसटीनं येऊन तुम्हाला देवळापाशी भेटते. तेही डॉक्टरांना विचारून. नवरात्राचे नऊ उपवास या वर्षी नकोत, निर्जळ तर नकोतच. देवी समजून घेईल. मावशी समजून घेतील का, ते सांगता येत नाही.

रात्री येणारं रडू बाळंतपणाचं की झटक्याचं? दोन्हींनी येतं. झटक्यानंतर साधारण तीन जणांत एकाला नैराश्य येतं आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळं असतंच. त्याशिवाय झटक्यामुळं रडू-हसू आवरण्याचा ताबा थोडा सैल होऊ शकतो, मनात काही नसतानाही डोळे भरतात. कुठला थेंब कुठल्या कारणाचा ते वेगळं काढायची गरज नाही, कारण कारण कुठलंही असलं तरी उपचार आहेत. डॉक्टरांपुढं हात-पायाचं सांगतेस तसंच हेही सांग. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज रडू येत असेल, कशात मन लागत नसेल, भूक गेली असेल, तर ते त्यांना कळायलाच हवं. "मी नसते तर बरं झालं असतं" किंवा पोरीला काही करावं असा विचार आला, तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठव. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि दुपारी बारालाच डोळे मिटायला लागतात, अंग गळून जातं, त्याला आळस म्हणू देऊ नकोस. झटक्यानंतरचा थकवा वेगळा असतो, झोपूनही तो पूर्ण जात नाही. महत्त्वाची कामं सकाळी उरकायची, एवढाच त्यावर उपाय सध्या.

शिलाईबद्दल तू फक्त "बंद आहे" एवढंच लिहिलंस, पण ते काम आणि तुझ्या हातातले पैसे दोन्ही गेलेत. मोटरच्या मशीनवर आत्ता बसायचं नाही, फिट येऊन गेलेल्या माणसाला चालत्या सुईजवळ बसवत नाहीत. पण ज्यांच्याकडून माल घ्यायचीस त्यांना धागे कापणं, चेकिंग, बटणं मोजणं, घडी आणि पॅकिंग यातलं काही देता का विचार. दर कमी मिळेल. घडी घालताना मात्र दोन्ही हात लागतात, म्हणजे कामाचं काम आणि व्यायामाचा व्यायाम. गणवेशाचा खरा मोसम जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचा, तोवर बराच वेळ आहे. पायानं चालवायचं जुनं मशीन घरात असेल तर थोड्या महिन्यांनी डॉक्टरांना विचारून रिकामं चालवून बघ. हात-पायाची कमजोरी राहिलीच आणि ती 40 टक्के किंवा त्याहून जास्त ठरली तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, तात्पुरतंही मिळतं. ते घेण्यात लाजण्यासारखं काही नाही आणि घेतलं म्हणून हात बरा व्हायचा थांबत नाही.

पुढचं तुझ्या मिस्टरांसाठी आहे, त्यांना वाचायला दे.

भाऊ, तुम्ही शनिवारी रात्री येता. त्या रात्री बाळाचं दूध तुमच्याकडं, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी आईंना पूर्ण झोप मिळेल. रविवारी तासभर तुम्ही, बायको आणि पोरगी, तिघंच एका खोलीत बसा. बाळ तिच्या मांडीवर द्या आणि तुम्ही शेजारी बसा, हिसकावून घेऊ नका. तिला शब्द सापडत नसेल तर थांबा. पायगुणाची भाषा करणाऱ्या मावशींशी बोलायचं काम तिचं नाही, तुमचं आहे, तुमच्या नात्यातल्या आहेत त्या. आईंशीही तुम्हीच बोला, पण आधी त्यांनी पाच महिने जे केलं त्याबद्दल बोला, मग दुपारच्या दुधाचं काढा.

आणखी एक, जे ती पत्रात लिहिणार नाही. तिला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, माला-एनसुद्धा नाही. त्यानं गाठीचा धोका वाढतो. आणि वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला इजा होऊ शकते. तेव्हा सध्या निरोध वापरा, आणि पुढच्या भेटीत तांबीसह बाकी पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांना दोघांनी मिळून विचारा. दुसरं मूल पुढं कधीतरी हवंसं वाटलं तर हा आजार झालाय म्हणून ते कायमचं बंद नसतं. पण दिवस राहण्याच्या आधी न्यूरोलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटायचं. त्या काळात गाठ होऊ नये म्हणून बहुधा इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्याची तयारी आधीपासून करायची असते.